‘केल्या जातील’ की ‘राहतील’? एक इंग्रजी शब्द, एक तह आणि फ्लोरिडाच्या जमिनी

१/
एका राज्याचे निशाण उतरते आणि दुसऱ्याचे चढते, तेव्हा जुन्या राजाने दिलेल्या जमिनीच्या सनदांचे काय होते? १८१९ साली स्पेन आणि अमेरिका यांनी या प्रश्नाचे उत्तर एका तहात लिहून ठेवले. ते दोन भाषांत लिहिले गेले आणि दोन भाषांत त्याचे दोन अर्थ निघाले. या घोटाळ्याच्या मुळाशी इंग्रजीतला एक अतिपरिचित शब्द होता : ‘शॅल’. आजचा धागा त्या शब्दाचा आणि त्याच्यावर अवलंबून राहिलेल्या जमिनींचा.

२/
शाळेत आपण ‘शॅल’ हा भविष्यकाळाचा प्रत्यय असल्यासारखा शिकतो. प्रत्यक्षात त्याचे काम बरेच मोठे आहे. तो भविष्य सांगतो, आज्ञा देतो, वचन देतो, बंधन घालतो, आणि प्रश्नात आला की नम्रपणे संमतीही विचारतो. जुन्या इंग्रजीत त्याच्या पूर्वजाचा अर्थ ‘देणे लागतो’ असा होता. जर्मन भाषेत कर्ज आणि अपराध या दोहोंसाठी वापरला जाणारा ‘शुल्ड’ हा शब्द त्याच कुळातला. म्हणजे आधी ऋण, मग कर्तव्य आणि शेवटी भविष्य असा या शब्दाचा प्रवास झाला. मागचे अर्थ मात्र त्याने टाकून दिले नाहीत.

३/
स्पॅनिशमध्ये ‘शॅल’ला एकच एक प्रतिशब्द नाही. नुसते भविष्य सांगायचे तर ‘सेरा’, म्हणजे ‘असेल’ किंवा ‘होईल’. कर्तव्य सांगायचे तर ‘देबेरा’, म्हणजे ‘करावे लागेल’. आणि एखादी स्थिती कायम होते असे सांगायचे तर ‘केदारा’, म्हणजे ‘राहील’. गंमत अशी की स्पॅनिश भविष्यकाळाचे मूळही बंधनातच आहे. लॅटिनमध्ये ‘मला गायचे आहे’ अशा अर्थाची जी रचना होती, तीच पुढे आकसून ‘मी गाईन’ अशी झाली. मूळ प्रवृत्ती सारखीच. पण इंग्रजी लेखकाला सारे अर्थ एका शब्दात गुंडाळून ठेवता येतात, स्पॅनिश लेखकाला त्यांतला एक निवडावा लागतो.

४/
यांतले ‘केदार’ हे क्रियापद नीट पाहण्यासारखे आहे. त्याचे मूळ ‘शांत होणे, विसावणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. आजही स्पॅनिशभाषक देशांत ‘केदा प्रोइबिदो’ असे लिहिलेल्या सूचना दिसतात. त्यांचा अर्थ ‘पुढे कोणीतरी मनाई करील’ असा नसतो. सूचना लिहिली गेली की मनाई लागू झालेली असते. शब्द उच्चारताच स्थिती प्रस्थापित करणारे हे क्रियापद आहे. एवढे लक्षात ठेवून आता फ्लोरिडाकडे वळू.

५/
१८१८ साली जनरल अँड्र्यू जॅक्सन यांनी स्पेनच्या ताब्यातील फ्लोरिडात सैन्य घुसवले. त्या सुमारास दक्षिण अमेरिकेतील स्पॅनिश वसाहती बंड करून उठल्या होत्या, आणि फ्लोरिडा राखण्याची ताकद स्पेनकडे उरली नव्हती. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन क्विन्सी ॲडम्स आणि स्पेनचे वकील लुईस दे ओनिस यांच्यात प्रदीर्घ वाटाघाटी झाल्या. २२ फेब्रुवारी १८१९ रोजी तहावर सह्या झाल्या आणि बरोबर दोन वर्षांनी, २२ फेब्रुवारी १८२१ रोजी, मान्यतापत्रांची देवाणघेवाण झाली. फ्लोरिडा अमेरिकेकडे गेला. अमेरिकी नागरिकांचे स्पेनवर जे दावे होते, ते ५० लाख डॉलरच्या मर्यादेपर्यंत अमेरिकेने आपल्या शिरावर घेतले.

६/
या तहाचे आठवे कलम जमिनींचे होते. २४ जानेवारी १८१८ पूर्वी स्पेनच्या राजाने किंवा त्याच्या अधिकाऱ्यांनी दिलेल्या सनदांना त्यात संरक्षण होते. त्यानंतरच्या सनदा रद्दबातल ठरवल्या होत्या. हीच तारीख का? फ्लोरिडा सोडण्याचा पहिला प्रस्ताव स्पेनने त्या दिवशी मांडला होता. घर विकायला काढल्यावर त्यातली भांडी नातलगांना वाटून टाकू नयेत, म्हणून ही रेघ. भीती निराधार नव्हती. राजाने आलागोनचा ड्यूक, पुन्योनरोस्त्रोचा काउंट आणि पेद्रो दे व्हार्गास या तीन मर्जीतल्या माणसांना फ्लोरिडातील अफाट जमिनी देऊन टाकल्या होत्या. त्यांवरून तहाची मान्यताच अडून बसली, आणि स्पेनने या तीन सनदा स्पष्ट शब्दांत रद्द केल्यावरच ती मार्गी लागली.

७/
आता जुन्या, वैध सनदांचे शब्द पाहू. इंग्रजी प्रतीत क्रियापद होते ‘शॅल बी’, आणि वाक्याचा आशय असा : या सनदा जमिनीच्या ताब्यात असलेल्या व्यक्तींना मंजूर व कायम केल्या जातील. स्पॅनिश प्रतीत होते ‘केदारान’ : या सनदा मंजूर व मान्य राहतील. मराठीत हा फरक चटकन जाणवतो. ‘केल्या जातील’ म्हटले की पाठोपाठ प्रश्न येतो, कोणाकडून आणि केव्हा? ‘राहतील’ म्हटले की तो प्रश्नच उरत नाही. दोन्ही प्रतींवर त्याच माणसांनी त्याच दिवशी सह्या केल्या होत्या.

८/
पहिला मोठा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १८२९ साली निकाली निघाला : फॉस्टर विरुद्ध नीलसन. मिसिसिपी नदीच्या पूर्वेस, फेलिसियाना भागातील जमिनीचा हा वाद होता. सनद जानेवारी १८०४ची होती आणि ती स्पॅनिश गव्हर्नरने दिली होती. पण अमेरिकेचे म्हणणे असे की १८०३ साली फ्रान्सकडून लुइझियाना विकत घेतला तेव्हाच हा मुलूख आपला झाला. त्यामुळे तेथे सनदा देण्याचा अधिकार स्पेनला उरलाच नव्हता. अशा सनदा निरर्थक ठरवणारा कायदाही काँग्रेसने १८०४ मध्ये केला होता.

९/
सरहद्दीचा प्रश्न राजकीय आहे, त्यात सरकारची भूमिका न्यायालयाने स्वीकारावी, असे सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी ठरवले. मग उरले आठवे कलम. त्याने तरी ही सनद वाचते का? मार्शल यांनी इंग्रजी शब्द तोलले. अमेरिकी राज्यघटनेनुसार तह हा देशाचा कायदाच असतो, हे त्यांनी मान्य केले. पण जो तह स्वतःच्या बळावर लागू होतो, तोच न्यायालयाला कायद्यासारखा वापरता येतो. ज्या तहात पुढे काही करण्याचे नुसते वचन असते, ते वचन आधी विधिमंडळाने पाळायला हवे.

१०/
‘शॅल बी’ हे शब्द त्यांना वचनाचे वाटले. सनदा कायम केल्या जातील, म्हणजे काँग्रेस पुढे तसा कायदा करील. तो झालेला नव्हता, आणि १८०४चा कायदा उभाच होता. दावेदार हरले. तहांचे ‘स्वयंचलित’ आणि ‘कायद्याची वाट पाहणारे’ असे दोन प्रकार अमेरिकी विधिशास्त्रात रुजले ते याच निकालापासून. एवढा मोठा सिद्धान्त उभा राहिला तो केवळ एका भाषेतली प्रत वाचून.

११/
त्यानंतर चारच वर्षांनी हुआन पर्चेमन यांचा खटला आला. ते पूर्व फ्लोरिडातील स्पॅनिश घोडदळाचे अधिकारी होते. डिसेंबर १८१५ मध्ये गव्हर्नर एस्त्रादा यांनी लष्करी सेवेबद्दल त्यांना २,००० एकर जमीन दिली होती. अमेरिकेचा अंमल आल्यावर जमिनींचे दावे तपासायला आयुक्त नेमले गेले. पर्चेमन यांच्या सनदेची मूळ प्रत नव्हती, प्रमाणित नक्कल होती, आणि मोजणीचा कागद हजर झाला नव्हता. आयुक्तांनी दावा फेटाळला. पुढे फ्लोरिडातील न्यायालयाने तो मान्य केला, म्हणून अमेरिकी सरकार सर्वोच्च न्यायालयात अपिलात गेले.

१२/
सरकारचा युक्तिवाद सरळ होता. जमिनींचे दावे कसे निकालात काढायचे हे काँग्रेसने कायद्याने ठरवले आहे. त्या कायद्याखालच्या आयुक्तांनी दावा नाकारला, तेव्हा विषय संपला. १८२९चा निकाल तसाच उभा राहिला असता, तर हा युक्तिवाद खोडणे अवघड होते. सनद काँग्रेसच्या कायद्यानेच कायम होणार असेल, तर काँग्रेसच्या अटी आणि तिच्या अधिकाऱ्यांचा नकार, दोन्ही निमूट सोसावे लागले असते. जुन्या राजवटीतला प्रत्येक जमीनधारक नव्या सरकारच्या दारात याचक ठरला असता.

१३/
या वेळी मात्र स्पॅनिश प्रत न्यायालयापुढे होती. आदल्याच वर्षी, १८३२ मध्ये, आरेदोन्दो यांच्या २,८९,६४५ एकरांच्या खटल्यात न्यायालयाने स्पॅनिश पाठाला वजन दिले होते. सनद देणारा स्पेनचा राजा, तेव्हा त्याचा हेतू त्याच्या शब्दांतून समजून घ्यावा, असे त्यामागचे तर्कशास्त्र. आता मार्शल यांनी ‘केदारान’ हा शब्द इंग्रजीच्या शेजारी ठेवला आणि आपलेच जुने वाचन तपासले.

१४/
त्यांची मांडणी अशी : ‘शॅल बी’ हे शब्द सहसा पुढच्या एखाद्या कृतीचे वचन देतात, पण तसे त्यांनी द्यावेच असे नाही. या तहाच्याच बळावर सनदा कायम होतील, असाही त्यांचा अर्थ होऊ शकतो. स्पॅनिश प्रतीत तोच अर्थ स्पष्ट असेल, तर इंग्रजीला ओढाताण न करता तिच्याशी जुळवून घेता येते. १८२९ साली स्पॅनिश पाठ आमच्या नजरेस आणला गेला नव्हता, दोन प्रतींत फरक असेल अशी कल्पनाही नव्हती, आणि तो ठाऊक असता तर तेव्हाही हाच अर्थ लावला असता, असे त्यांनी निकालात नोंदवले.

१५/
परिणाम तत्काळ झाला. सनदा तहानेच कायम झाल्या, तेव्हा आयुक्तांचे काम उरले ते खऱ्याखोट्याची तपासणी करण्याचे. मालकी देण्याचे किंवा काढून घेण्याचे नव्हे. त्यांचा नकार अंतिम ठरला नाही. पर्चेमन यांची जमीन त्यांच्याकडे राहिली. मार्शल यांनी यामागे एक व्यापक तत्त्वही ठेवले होते : राज्य बदलले तर प्रजेची निष्ठा बदलते, तिची खाजगी मालमत्ता नव्हे. ‘राहतील’ हा शब्द या तत्त्वाशी जुळत होता, ‘केल्या जातील’ जुळत नव्हता. म्हणजे भाषांतराने नवा अर्थ आणला नाही. इंग्रजीत दबून राहिलेला अर्थ त्याने वर आणला.

१६/
ही कथा १८३३ साली संपली नाही. २००८ साली, मेडेयीन विरुद्ध टेक्सस या खटल्यात, हे दोन्ही निकाल पुन्हा उघडले गेले. अटकेनंतर आपल्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क होसे मेडेयीन या मेक्सिकन नागरिकाला सांगितला गेला नव्हता. अशा ५१ मेक्सिकनांच्या शिक्षांचा फेरविचार करावा, असा निर्णय आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ मध्ये दिला होता. तो टेक्ससच्या न्यायालयांवर आपोआप बंधनकारक होता का? संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे ९४वे कलम म्हणते की प्रत्येक सदस्य असे निर्णय पाळण्याचे ‘अंगीकारतो’.

१७/
बहुमताने म्हटले की हे पुढच्या कृतीचे अभिवचन आहे. कलमात ‘शॅल’ किंवा ‘मस्ट’ असे शब्द नाहीत, म्हणून ते न्यायालयांना थेट आदेश देत नाही. पाहा, १८२९ साली ‘शॅल’ असूनही कलम दुबळे ठरले होते, आणि २००८ साली ‘शॅल’ नाही म्हणून! अल्पमतातील न्यायमूर्ती ब्रायर यांनी पर्चेमन खटल्याचा आधार घेत स्पॅनिश पाठाकडे बोट दाखवले. ‘से कोम्प्रोमेते आ कुम्प्लिर’ यात आजच्या बांधिलकीचा अर्थ आहे, इंग्रजी शब्दातील कथित सैलपणा तेथे नाही, असे त्यांचे म्हणणे. सहा विरुद्ध तीन मतांनी ते मागे पडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मेडेयीन याला देहदंड दिला गेला.

१८/
दरम्यान इंग्रजी कायदेलेखकही ‘शॅल’ला कंटाळले. २००७ साली अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रियेचे नियम नव्याने लिहिले गेले, तेव्हा संदिग्ध म्हणून हा शब्द त्यांतून काढण्यात आला. तहांच्या अर्थनिर्णयाचा नियमही आता लेखी आहे. १९६९च्या व्हिएन्ना कराराचे ३३वे कलम सांगते की सर्व अधिकृत भाषांतील पाठ सारख्याच तोलाचे असतात, आणि फरक आढळला तर त्यांचा मेळ घालणारा अर्थ शोधावा. मार्शल यांनी १८३३ मध्ये जे केले, तेच हे.

१९/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून एक सवय उचलावी. तह द्विभाषिक असेल, तर एका प्रतीवरून मत बनवू नये. दुसरी भाषा येत नसेल, तर निदान तिच्यातले क्रियापद कोणते आहे, एवढे विचारून घ्यावे. तह कोणी केला, केव्हा केला, हे नामे आणि तारखा सांगतात. पण त्या तहाने एखाद्याच्या पायाखालची जमीन त्याचीच राहिली, की ती त्याला पुन्हा मागावी लागली, हे क्रियापद सांगते.