पाऊल, दिशा आणि शून्य

फ्लॉपी ड्राइव्ह म्हटलं की आमच्या पिढीला आधी तिचा आवाज आठवतो. संगणक सुरू केला की ती एकदा घर्रर्र करायची आणि मग गप्प. तो आवाज स्टेपर मोटरचा. सध्या माझी भाची थ्री-डी प्रिंटर जोडते आहे. "मोटर फिरवायला सिग्नलच्या दोनच तारा कशा पुरतात?" असं तिने विचारलं आणि उत्तर शोधता शोधता मी थेट १९७६ सालात पोचलो. म्हटलं, लिहूनच काढावं.

साधी मोटर वीज दिली की फिरत राहते. स्टेपरचं तसं नाही. तिच्या कॉइलमधला प्रवाह ठरावीक क्रमाने बदलला की ती एक पाऊल टाकते आणि थांबते. प्रिंटरमधल्या नेहमीच्या मोटरीत एका फेरीची २०० पावलं, म्हणजे एक पाऊल १.८ अंशांचं. क्रम उलटा केला की मोटर उलटी. आता प्रश्न असा, की हा क्रम सांभाळायचा कोणी?

१९७६ मध्ये अमेरिकेतल्या शुगार्ट असोसिएट्सने सव्वापाच इंची फ्लॉपीसाठी एसए ४०० ड्राइव्ह काढला. त्यात ही जबाबदारी ड्राइव्हवरच्या सर्किटकडे होती. संगणकाने फक्त १८ नंबरच्या तारेवर दिशा सांगायची आणि २० नंबरवर पाऊल. एक पल्स, एक ट्रॅक! ३४ तारांच्या त्या पट्टीत विषम नंबरच्या १७ तारा तर नुसत्या ग्राउंडच्या.

पण यात एक गोम आहे. हुकूम जातो, पोच येत नाही. हेड मध्येच अडकलं तरी संगणक आपला पावलं मोजत राहणार. म्हणून आणखी एक तार होती, २६ नंबरची. हेड शून्य ट्रॅकवर आलं की ती तेवढं कळवायची.

१९७८ च्या ॲपलच्या डिस्क टू ड्राइव्हसाठी स्टीव्ह वॉझ्नियाकने शुगार्टचाच यांत्रिक भाग घेतला, पण सर्किट बरंचसं काढून टाकलं. कॉइलचा क्रम तो सॉफ्टवेअरमधून चालवायचा. शून्याचा सेन्सरही गेला. मग शून्य सापडायचं कसं? हेडला ३५ ट्रॅक ओलांडतील इतकी पावलं मागे ढकलायचं. ते आडकाठीवर खडखड आपटायचं, आणि तेच शून्य! स्वस्त आणि बिनतोड.

२००५ मध्ये इंग्लंडच्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी रेपरॅप प्रकल्प सुरू केला आणि थ्री-डी प्रिंटर घरोघरी पोचायची वाट मोकळी झाली. त्या प्रिंटरांत रुळलेल्या ए४९८८ सारख्या ड्रायव्हरला आजही सांगावं लागतं ते तेवढंच, पाऊल आणि दिशा. कंट्रोलरचं आणि ड्रायव्हरचं ग्राउंड मात्र एकत्र जोडलेलं हवं. आणि छपाईआधी प्रिंटर कोपऱ्यातल्या स्विचला जाऊन टेकतो, तोही शून्यच शोधत असतो.

मला या सगळ्यात मोह पडतो तो त्या शून्याचा. कितीही काटेकोर पावलं टाका, निघालो कुठून हे पक्कं नसेल तर मोजणी वाया.

असो. माळ्यावर जुना ड्राइव्ह पडला असेल तर भंगारात देऊ नका. चालू अवस्थेत असेल, तर त्याच्या १८ आणि २० नंबरच्या तारा अजूनही तुमचं ऐकतील.