न भरणाऱ्या जखमेची शस्त्रक्रिया

जखम लवकर भरावी म्हणून सर्जनही झटतो आणि रुग्णही. काचबिंदूच्या शस्त्रक्रियेत मात्र सव्वाशे वर्षे उलटाच प्रकार चालू आहे : जखम पूर्ण भरली की शस्त्रक्रिया फसली. निरोगी डोळ्यात दर मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर पाणी तयार होते आणि बुबुळाच्या मुळाशी, कोनातल्या जाळीतून ‘श्लेमची नलिका’ गाठून ते रक्तात मिसळते. ही मोरी तुंबली की आतला दाब वाढतो आणि दृष्टीची नस सुकत जाते. गेलेली नजर परत येत नाही, म्हणून दाब उतरवून उरलेली नजर राखायची, एवढाच उपाय हाती राहतो. आज कमीत कमी छेदाच्या शस्त्रक्रियांचा, म्हणजे ‘मिग्ज’चा, बोलबाला आहे आणि त्यांच्यामुळे जुने युग संपले असा सूर ऐकू येतो. इतिहास पाहता हा सूर घाईचा वाटतो. इथे छेदाच्या लांबीवरून कुठल्याच शस्त्रक्रियेचे मोल ठरलेले नाही. ते ठरले पाच-दहा वर्षांनी डोळ्याची काय अवस्था होती त्यावरून.

सुरुवात बर्लिनची. आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी 1857 मध्ये बुबुळाचा तुकडा कापून काढण्याची शस्त्रक्रिया मांडली. अचानक डोळा लाल होऊन असह्य दुखू लागणाऱ्या काचबिंदूत तिने कमाल केली. तोवर असा डोळा गेल्यातच जमा असे. पण कुरकुर न करता वर्षानुवर्षे नजर खाणाऱ्या काचबिंदूत तिचा गुण बेभरवशाचा ठरला. मात्र याच निरीक्षणांतून एक धागा सापडला. काही डोळ्यांत जखम नीट न मिटता तिथे फुगीर, झिरपता व्रण राही आणि नेमका तिथेच दाब उतरलेला असे. पॅरिसच्या लुई द वेकर यांनी पुढे हा अपघातच उद्दिष्ट मानला : झिरपणारा व्रण मुद्दाम घडवायचा.

तो घडवण्याच्या कामात हिंदुस्थानातल्या दोन शहरांचा वाटा मोठा आहे, याची आपल्याकडे फारशी आठवण निघत नाही. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात नेत्रशस्त्रक्रियेचे प्राध्यापक असलेले इंडियन मेडिकल सर्व्हिसचे हर्बर्ट यांनी 1903 मध्ये डोळ्यावरच्या पातळ पडद्याखाली पाणी झिरपत ठेवणारी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. याच सर्व्हिसमधले रॉबर्ट हेन्री एलियट मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयाचे प्रमुख होते. ते रुग्णालय 1819 पासूनचे, म्हणजे जगातल्या जुन्यात जुन्या नेत्र रुग्णालयांपैकी एक. एलियट यांनी 1909 मध्ये ट्रेफाइन हाती घेतला. हे एक बारीक, पोकळ, गोल पात्याचे हत्यार. वरचा पडदा उचलायचा, पारपटल आणि पांढरा भाग जिथे मिळतात तिथे ते टेकवून फिरवायचे, जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची चकती काढायची आणि पडदा पुन्हा पसरायचा. कोणालाही शिकता यावी अशी ही रीत पाहता पाहता जगभर पसरली. लांबून येणारा, उशिरा येणारा आणि पुन्हा येईलच याची खात्री नसलेला रुग्ण हे इथल्या रुग्णालयांचे रोजचे वास्तव होते. दाब उतरवणारे औषधाचे थेंब आयुष्यभर घालावे लागतात, शस्त्रक्रिया एकदाच होते. त्यामुळे असली रीत इथे रुजावी यात नवल नाही.

तिची किंमत कळायला मात्र वेळ लागला. छिद्रावर काहीच आडोसा नसल्याने काही डोळे पाणी जास्त वाहून जाऊन मऊ पडले. छिद्रावरचा फुगा वर्षागणिक विरत गेला आणि शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनी त्यातून जंतू आत शिरून डोळे गेले. यावर उत्तर आले 1968 मध्ये, केंब्रिजच्या केर्न्स यांच्या ट्रॅबेक्युलेक्टॉमीच्या रूपाने : छिद्र तेच, पण त्यावर श्वेतपटलाच्याच, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागाच्याच, अर्ध्या जाडीचे झाकण. गंमत अशी की केर्न्स यांना वाटले होते, पाणी श्लेमच्या नलिकेच्या कापलेल्या तोंडांतून जाईल. प्रत्यक्षात ते झाकणाखालूनच झिरपत होते. शस्त्रक्रिया टिकली, तिचे कारण बदलले. पुढे जखम भरू नये म्हणून कर्करोगावरच्या मायटोमायसिन औषधात भिजवलेला स्पंजचा तुकडा काही मिनिटे तिथे ठेवण्याची पद्धत आली. यश वाढले आणि विरलेल्या फुग्यांचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला.

मिग्जचा वंश वेगळा आहे. नवी वाट फोडण्याऐवजी तुंबलेली मोरीच आतून मोकळी करावी, हा विचारही जुनाच. इटलीतील दे व्हिन्चेन्तीस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो करून पाहिला, पण त्यांना कोन दिसत नव्हता. सान फ्रान्सिस्कोच्या ऑटो बार्कन यांनी 1930 च्या दशकात खास भिंगातून कोन पाहत तिथे छेद दिला आणि जन्मजात काचबिंदू असलेल्या बाळांची नजर वाचू लागली. आज मोतीबिंदू काढतानाच रुग्णाची मान किंचित वळवून, सूक्ष्मदर्शक तिरका करून, जेमतेम एक मिलिमीटरची टायटॅनियमची नळी जाळीत बसवतात. अमेरिकेत तिला 2012 मध्ये मान्यता मिळाली. पडद्याला हात लागत नाही, फुगा होत नाही, म्हणून धोका कमी. पण या वाटेने गेलेले पाणी शेवटी शिरांतच जाते आणि शिरांतल्या दाबाखाली डोळ्याचा दाब उतरू शकत नाही. सहसा तो पाऱ्याच्या पंधरा-सोळा मिलिमीटरच्या आसपास थांबतो. सुरुवातीच्या आजाराला तेवढे पुरते. नस बरीच सुकलेली असेल तर बारा किंवा त्याखाली जावे लागते आणि तिथे आजही केर्न्स यांची शस्त्रक्रिया किंवा पाणी बाहेर वाहून नेणारी मोठी नळी लागते.

यावर आक्षेप येईल की दहा वर्षांच्या निकालाची वाट पाहत बसलो तर आजच्या रुग्णांचे काय? आक्षेप रास्त आहे, पण वाट पाहण्याचा अर्थ वापर थांबवणे असा नाही; नजर ठेवणे असा आहे. सायपास या नळीचे उदाहरण ताजे आहे. दोन वर्षांच्या निकालांवर 2016 मध्ये तिला मान्यता मिळाली. चाचणीतल्याच रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनी तपासले तेव्हा पारपटलाच्या आतल्या पेशी घटत असल्याचे दिसले आणि 2018 मध्ये ती बाजारातून मागे घेण्यात आली. तपासणी पहिल्या दोन वर्षांवरच थांबली असती, तर एलियट यांच्या फुग्यांसारखीच ही किंमतही रुग्णांनी मोजल्यावर कळली असती.

दुसरा आक्षेप असा की महागडी नळी भारतात परवडणार कोणाला? पण आतून काम करायला महाग नळीच लागते असे नाही : साध्या शस्त्रक्रियेच्या धाग्यानेही श्लेमची नलिका वर्तुळभर उघडता येते. अवघड डोळ्यांसाठीची स्वस्त मोठी नळी मदुराईच्या ऑरोलॅबने बनवली आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ‘लाइट’ चाचणीत थेंबांऐवजी आधी लेसर उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांचा दाब तीन वर्षे थेंबांशिवाय आटोक्यात राहिला. जन्मभर थेंब घालणे ज्याला जमणार नाही त्याचा विचार आता विलायतेतही आधी होऊ लागला आहे. खरी अडचण त्याच्याही आधीची आहे. दक्षिण भारतातल्या ग्रामीण पाहणीत काचबिंदू सापडलेल्या दहांपैकी नऊहून अधिक जणांना आपल्याला तो आहे याची कल्पनाच नव्हती. म्हणून कुठल्याही नव्या तंत्राला दोन प्रश्न विचारायला हवेत : आजाराच्या कोणत्या टप्प्यावर ते पुरेसे आहे, आणि पाच वर्षांनी तोच डोळा तपासायला कोण बोलावणार आहे? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर छेद कितीही लहान असला तरी त्याचा हिशेब अपुराच राहतो.