पानशेतचे पाणी आणि पुण्याची उपनगरे

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी, सहकारनगराच्या बाजूस, भर दुपारी पायी फिरण्याचा योग आला तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. तुळशीबाग येथून काही फार लांब नाही. पण तिथला गलबला इथवर पोहोचत नाही. मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्लीत वळावे, की कुंपणावरची जाई, फाटकाला लावलेली दुधाची पिशवी आणि झाडावरचा एखादा भारद्वाज एवढीच काय ती सोबत. परगावचा पाहुणा म्हणतो, ‘‘काय निवांत जागा शोधलीत हो!’’ मला या वाक्यातील ‘शोधलीत’ हा शब्द नेहमी अडखळवतो; कारण यांतील पुष्कळ कुटुंबांनी ही जागा शोधली नव्हती. पाण्याने त्यांना येथे आणून सोडले होते. त्या पाण्याची आणि त्या निवांतपणाची हकीकत मी आज आपणांस सांगणार आहे.

गाव सोडून बाहेर राहणे पुणेकरांना अगदीच अपरिचित होते असे नाही. १८९७ च्या प्लेगात लोकांनी पेठांतील घरे ओस टाकून उघड्या माळावर झोपड्या घातल्या. परंतु साथ ओसरताच बहुतेक मंडळी आपापल्या वाड्यांत परतली. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नदीपलीकडे डेक्कन जिमखान्याच्या परिसरात बंगल्यांची वस्ती उभी राहिली. तिथे गेलेली मंडळी मात्र स्वखुशीने गेली होती. प्राध्यापक, वकील, डॉक्टर, पेन्शनर अशांची ती वस्ती. नारायण-शनिवारातील सामान्य बिऱ्हाडकरूला पुलापलीकडचे ते जग चार फर्लांगांवर असूनही दूरचेच वाटे.

वाड्यातील जीवन कसे होते, हे माझ्या पिढीला सांगावे लागत नाही. एका चौकाभोवती आठ-दहा बिऱ्हाडे, एक आड, एक नळ आणि त्या नळावरची रोजची भांडणे. कोणाच्या घरी काय शिजते हे वासावरून आणि कोण रागावले आहे हे आवाजावरून कळे. एकान्त नावाची वस्तू तिथे नव्हती. पण एकाकीपणही नव्हते. तापाने फणफणलेल्या पोराजवळ बसायला आई नसली, तर समोरच्या काकू न बोलावता येऊन बसत.

या साऱ्या वस्तीची तहान पश्चिमेकडील डोंगर भागवीत. १८७० च्या दशकात बांधलेले खडकवासल्याचे दगडी धरण शहर वाढू लागले तसे अपुरे पडू लागले. तेव्हा त्याच्या वरच्या अंगास, वेल्हे तालुक्यात, मुठेला मिळणाऱ्या आंबी नदीवर पानशेत येथे मातीचे धरण बांधण्यास घेतले. १९६१ च्या पावसाळ्यात धरणाचे काम पुरे झालेले नव्हते. तरी त्याच वर्षी पाणी अडविण्याची घाई झाली. पाऊस लवकर व जोराचा आला. जलाशय झपाट्याने भरू लागला आणि पाणी बाहेर सोडण्याच्या मार्गावरील मातीचा भराव खचू लागला. जवानांनी आणि कामगारांनी रात्रभर वाळूची पोती रचली. परंतु बुधवार, दिनांक १२ जुलै १९६१ रोजी सकाळी धरण फुटले. तो लोंढा खडकवासल्यावर येऊन आदळला आणि दुपारपर्यंत तेही धरण भंगले. नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार या पेठांचे नदीकाठचे भाग आणि डेक्कन जिमखान्याचा सखल भाग पाण्याखाली गेला. माती-विटांचे जुने वाडे भिजले आणि एकामागून एक बसले.

मी त्या वेळी आठ वर्षांचा होतो. आम्ही पर्वतीवर होतो आणि खाली नदी कोठे संपते व गाव कोठे सुरू होते ते ओळखू येत नव्हते, एवढेच मला स्वच्छ आठवते. दुसऱ्या दिवशी आजोबा आमच्या वाड्याच्या जागी गेले आणि चिखलातून देवघरातील एक समई घेऊन परतले. शहरभर चिखल आणि नळाला मात्र थेंब नाही, अशी विचित्र अवस्था होती. कारण पाणी पुरविणारे खडकवासलेच फुटले होते. तेव्हा अठराव्या शतकात पेशव्यांनी कात्रजहून आणलेल्या पाण्याच्या जुन्या हौदांवर आणि वाड्यांतील आडांवर लोकांनी पुन्हा रांगा लावल्या.

पुनर्वसनाची धुरा पूर्वी पुण्याचे आयुक्त राहिलेले सदाशिव गोविंद बर्वे यांच्याकडे सोपविण्यात आली. गोखलेनगरच्या माळावर अर्धगोल छपरांच्या निसेन झोपड्या उभ्या राहिल्या. लोकमान्यनगरसारख्या वसाहती बांधल्या गेल्या. पूरग्रस्तांनी सहकारी गृहरचना संस्था स्थापिल्या. त्यांची संख्या शंभरावर गेली. सहकारनगर हे नावच त्या काळाची खूण सांगते. ज्या पुण्याला वेस ओलांडण्यास दोनशे वर्षे लागली, ते पुणे एका दिवसाच्या पाण्याने टेकड्यांपर्यंत जाऊन पोहोचले.

नव्या घरी पहिल्या रात्री आईला झोप लागली नाही. तिला भीती वाटली ती चोराची नव्हे, आवाज नसल्याची. सकाळी ती म्हणाली, ‘‘येथे कोणी खोकतसुद्धा नाही रे!’’ आमच्या घराला आता स्वतःचा नळ होता, स्वतःचे दार होते, चार हात अंगण होते. पण साखर संपली तर वाटी घेऊन कोणाकडे जावे हा प्रश्न होता. पुढे कुंपणे ठेंगणी ठेवण्यात आली, संध्याकाळी बायका फाटकापाशी उभ्या राहून बोलू लागल्या, गणपती बसू लागला. संस्थेच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून पहिले कडाक्याचे भांडण झाले, त्या दिवशी आजोबा समाधानाने म्हणाले, ‘‘आता आपण येथले झालो.’’ शेजार हा जागेबरोबर मिळत नाही, तो वहिवाटीने पडतो, हे मला त्या वसाहतीने शिकविले.

ही हकीकत येथे संपविली तर ती अर्धीच राहील. पानशेतचे धरण पुन्हा बांधून १९७२ मध्ये पुरे झाले. त्या जलाशयाला तानाजीसागर म्हणतात. आम्ही पाण्यामुळे घर गमावले, तसे आंबीच्या खोऱ्यातील लोकांनीही गमावले. फरक इतकाच, की आमच्या घरावरचे पाणी एका रात्रीत उतरले; त्यांच्या भातखाचरांवरचे आणि देवळांवरचे पाणी उतरायचे नव्हते. आम्ही नदीपासून अर्ध्या कोसावर वसलो. त्यांतील कित्येकांना सह्याद्रीचा पाऊस सोडून पूर्वेकडच्या कोरड्या मुलखात नवा संसार मांडावा लागला. आम्हांला पूरग्रस्त म्हणून सहानुभूती मिळाली. धरणग्रस्तांची आठवण मात्र आम्ही नळ सोडताना क्वचितच काढतो.

आज त्या बैठ्या घरांच्या जागी उंच इमारती येत आहेत आणि जुने रहिवासी उरलीसुरली शांतता कशी टिकेल याची चिंता करीत आहेत. ती चिंता मलाही आहे. मात्र आपल्या गल्लीत नवा आवाज नको, नवा माणूस नको, एवढ्यावर ती येऊन थांबली म्हणजे मला आजोबांची ती समई आठवते. आम्हीही एके दिवशी चिखलाच्या पायांनी या माळावर आलो होतो आणि कोणीतरी आम्हांला जागा दिली होती. उपनगरातील शांतता ही सुखाची गोष्ट खरीच. परंतु ती कोणाच्या झळीतून आपल्यापर्यंत आली, याचा विसर पडला की तिचा निव्वळ मुकेपणा होतो. तेव्हा येत्या पावसाळ्यात पानशेतला सहलीस जाल, तेव्हा धरणाच्या भिंतीवर घटकाभर उभे राहा. एका बाजूस बुडालेले गाव आहे आणि दुसऱ्या बाजूस, खोऱ्याच्या तोंडाशी, आपले घर आहे.