उताराचं गवत

गवताची बखर कुणी लिहीत नाही. उसाचं टनेज कारखान्याच्या वहीत असतं, आल्याचा भाव व्यापाऱ्याच्या तोंडी असतो, जमिनीची नोंद तलाठ्याकडं असते. पण सात-बाऱ्यावर 'पोटखराबा' एवढा एकच शब्द लिहून जी जागा सोडून दिलेली असते, तिथं उगवणारं गवत आमच्या बापजाद्यांनी कसं कापलं, कशानं कापलं आणि कापताना कोण गडगडत खाली आलं, याची नोंद कुठंच नाही. आता तर हे गवत कापणारी माणसंच संपत चालली आहेत आणि घरोघरी यंत्राची चर्चा सुरू झाली आहे. म्हणून हे लिहून ठेवतोय.

आमचं रहिमतपूर कोरेगाव तालुक्यात. पुणे-मिरज रेल्वेमार्गावर आमचं स्टेशन आहे. पूर्वी औंध संस्थानाकडं जाणारी माणसं इथंच उतरायची. पश्चिमेला महाबळेश्वरचा धो-धो पाऊस आणि पूर्वेला माण-खटावचा दुष्काळ, या दोन्हींच्या मधोमध आम्ही. सपाटीला ऊस, आलं, घेवडा. वर मुरमाड माळ, आणि त्याच्याही वर टेकड्यांच्या सोंडा. आमची दीड एकर डोंगरपड अशाच एका सोंडेवर आहे. वर उभं राहिलं की पिंडऱ्या ताणतात, असा उतार. तिथं नांगर कधी चढला नाही. चढलं ते फक्त माणूस, शेरडं आणि गवत.

गवत म्हंजे सगळं एकच असं शहरातल्या माणसाला वाटतं. तसं नाही. मारवेल सगळ्यात गोड, जनावर आधी तेच शोधतं. पवन्याही चांगला. कुसळीचं गवत मात्र वेळेत कापावं लागतं. कुसळं धरली, की ती जनावराच्या तोंडात आणि माणसाच्या धोतरात सारखीच घुसतात. म्हणून दसरा झाला की दिवाळीच्या आत डोंगर मोकळा करायचा, असा आमच्या आज्ज्याचा कायदा होता. त्याच्या आधी पाऊस धरून असतो, कापलेलं कुजतं. त्याच्यानंतर गवताची काडी होते.

कापायचं हत्यार एकच, इळा. लोहाराला बलुतं असायचं. सुगीच्या आधी घरातले सगळे इळे त्याच्या भट्टीवर जायचे. तो पातं तापवायचा, ऐरणीवर पातळ करायचा, दाते घालायचा आणि पाणी पाजायचा. पाणी जास्त झालं तर पातं दगडावर लागून उडतं, कमी झालं तर वाकतं. उतारावरच्या कामाला हे पाणी नेमकं लागायचं, कारण तिथं गवताच्या बुडख्यात दगड लपलेला असतो. इळा दगडावर सटकला, तर तो थेट डाव्या हाताच्या करंगळीवर येतो. आमच्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांचे डावे हात बघा. करंगळीवर एक तरी पांढरी रेघ दिसंल.

तरी या कामाला एक शिस्त होती, आणि ती कुठल्या पुस्तकात नव्हती. कापणारी माणसं सावडीनं जायची, आज माझ्या डोंगरावर, उद्या तुझ्या. सगळ्यांनी एका ओळीत, एकाच उंचीवर राहायचं. कुणी कुणाच्या खाली राहायचं नाही. तोंड डोंगराकडं, पाठ दरीकडं, आणि खालून वर सरकत जायचं. तसं केलं, की गवत हाताशी येतं, कमरेत कमी वाकावं लागतं आणि पाय घसरलाच तर माणूस पोटावर पडतो, पाठीवर नाही. दव वाळल्याशिवाय कापणीला हात घालायचा नाही. कापलेल्या पेंढ्यांवर पाय द्यायचा नाही, कारण वाळलेलं गवत उतारावर तेलासारखं घसरतं. मूठ धरायच्या आधी काठीनं गवत झोडायचं, म्हंजे फुरसं, घोणस असलं तर निघून जातं. आज यंत्राबरोबर जे छापील कागद येतात, त्यात असल्याच सूचना असतात. आज्जीनं त्या कागदाशिवाय दिल्या होत्या.

हे गवत सदा आपल्या हक्काचं होतं असंही नाही. इंग्रजांनी १८७८ आणि १९२७ च्या कायद्यांनी डोंगर राखीव केले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या कापलेल्या गवतासाठी परवाना काढावा लागू लागला. विनापरवाना कापलं की गुन्हा. म्हणून १९३० सालच्या कायदेभंगात समुद्रकाठच्या माणसांनी मीठ उचललं आणि आमच्यासारख्या डोंगराकडंच्या माणसांनी इळा उचलला. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून सत्याग्रह केला आणि अटक करून घेतली. त्याच वर्षी बिळाशीच्या लोकांनी जंगल सत्याग्रह करून गावात तिरंगा फडकवला. बिळाशी आज सांगली जिल्ह्यात मोडते, तेव्हा ती आमच्याच सातारा जिल्ह्यात होती. एक पेंढी गवत कापलं म्हणून तुरुंगात गेलेली माणसं या देशात होऊन गेली, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. त्यांना गवत म्हंजे कटकट वाटते.

यंत्राचा विचार करायचा तर तोही आमच्या भागापासून लांब नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना काढला. जागा दिली होती औंधच्या पंतप्रतिनिधींनी. त्यांचं सुरुवातीचं यंत्र कडबा कापायचं, मग आला लोखंडी नांगर. लोखंडानं जमिनीला विष होईल असं म्हणणारे शेतकरी होते, आणि पुढं तेच लोक बैलगाडीतून ते नांगर आणू लागले. पण यात एक गोष्ट ध्यानात घ्या. कडबा कापायचं यंत्र गोठ्याजवळ सपाट जागेवर चार पायांवर उभं असतं. नांगर सपाट रानात चालतो. तिकडं विलायतेत एडविन बडिंगनं १८३० साली गवत कापायचं पहिलं यंत्र काढलं. लोकरी कापडावरचे धागे भादरणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून त्याला ते सुचलं. तेसुद्धा श्रीमंतांच्या सपाट हिरवळीसाठीच. यंत्र कुठलंही असो, ते आधी सपाटीला आलं. उतार राहिला माणसाच्या पायावर.

१९७२ चा दुष्काळ मी बारा वर्षांचा असताना पाहिला. माणसं खडी फोडायला जात होती, पोरांना सुकडी मिळत होती. जनावरांना काय? त्या वर्षी उतारावरच्या कपारीत जे चार बोटं गवत होतं, तेसुद्धा बायकांनी खुरप्यानं खरडून आणलं. उभ्या कड्याला दोरखंड बांधून उतरलेल्या बायका मी पाहिल्यात. तेव्हा गवताला सोन्याचं मोल होतं, म्हणून कुणी उताराला भ्यालं नाही.

त्यानंतर सगळं उलटं झालं. पाटाचं आणि विहिरीचं पाणी आलं, उसाचं वाढं आलं, जर्सी गाया आल्या आणि त्यांना पेंड आली. बैल गेले. डोंगराचं गवत कुणाला नको झालं. त्यात गाजरगवत पसरलं. ते आपल्याकडं पहिल्यांदा पुण्यात १९५५ च्या सुमारास दिसलं, आणि बघता बघता आमच्या माळावर आलं. न कापलेलं गवत फाल्गुनापर्यंत वाळून कोळ होतं. मग एखादी विडी पडते, नाहीतर कुणी बांध पेटवतो, आणि रात्री अख्खी सोंड लाल दिसते. वणव्यात झाडं जातात, पाखरांची घरटी जातात, आणि पहिल्या पावसात उघडी माती ओढ्याला जाते.

आमच्या तालुक्यात या गोष्टीला आता आणखी धार आली आहे. २०१६ साली पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कपमध्ये कोरेगाव तालुका होता, आणि आमच्या शेजारच्या वेळू गावानं पहिला नंबर काढला. गावोगाव डोंगरावर सलग समतल चर खणले गेले. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली गेली, तिथं गवत छातीला लागू लागलं. पाण्याच्या दृष्टीनं सोनं झालं. पण जे गवत जनावर खात नाही, ते माणसानं कापावं लागतं, नाहीतर वणवा ते कापतो. आणि आता त्या गवताच्या पोटात दीड-दोन फुटांचे चर लपलेले असतात. सपाटीचं कुठलंही चाकाचं यंत्र तिथं घेऊन गेलात, की एक चाक चरात जाणार.

चाक काय करतं हे आम्ही भावकीत पाहिलंय. आमच्यातला एक पोरगा, लग्नाला दोन वर्षं झालेली, ट्रॅक्टरच्या मागं गवत तोडायचं यंत्र लावून टेकडीच्या पायथ्याची पड साफ करत होता. विकणाऱ्यानं त्याला सांगितलं होतं, "ह्यो कुटंबी चढतोय." वरच्या अंगाचं चाक दगडावर चढलं आणि त्याच क्षणी खालच्या अंगाचं चाक खड्ड्यात गेलं. ट्रॅक्टर कलंडला. तो उडी मारायला गेला, त्याच बाजूला. आम्ही जेसीबी आणून ट्रॅक्टर उचलला तेव्हा गवत तिथं अर्धंच तोडलेलं होतं. ते उरलेलं अर्धं पुढं दोन वर्षं कुणी तोडलं नाही.

ट्रॅक्टर हा मुळात उंच बुडाचा गडी. त्याचं वजन वर, त्यामुळं आडव्या उतारावर तो बेसावध असतो. स्वीडन देशानं १९५९ साली नव्या ट्रॅक्टरवर चालकाभोवती मजबूत पोलादी चौकट सक्तीची केली आणि त्यानंतर तिथं कलंडून मरणारी माणसं फार कमी झाली. चौकट असेल तर पट्टा बांधायचा, म्हंजे माणूस चौकटीच्या आत राहतो. आपल्याकडं छपराला चार नळ्या लावतात आणि तीच चौकट समजतात. ते छप्पर उन्हासाठी असतं, जिवासाठी नाही.

आता माझा थोरला पुण्याहून आला की म्हणतो, "आबा, डोंगराला मशीन घ्या, मी पैसं देतो." त्याला मी म्हटलं, मशीन घेऊ, पण आधी डोंगर मोजू. मोजायची रीत सोपी आहे. चार फुटांची काठी घ्या. तिचं एक टोक उताराला टेकवा, दुसरं टोक दरीकडं करून काठी सपाट धरा. त्या टोकापासून जमिनीपर्यंत एक फूट अंतर भरलं, तर उतार साधारण १४ अंश. दोन फूट भरलं, तर साडेसव्वीस. चारच फूट भरलं, तर ४५. बसून चालवायच्या गवतकापणी यंत्रांच्या कागदावर बहुतेक ठिकाणी १५ अंशांच्या पुढं जाऊ नका असं लिहिलेलं असतं. म्हंजे काठीखाली एक फुटापेक्षा जास्त हवा दिसली, की बसून चालवायचं यंत्र बाद. आमच्या सोंडेवर पायथ्याला एक फूट भरला, मध्याला दोन, आणि वर काठीच धरवेना.

परदेशात असल्या उतारासाठी लांबून रिमोटनं चालवायची, पट्ट्यांवर फिरणारी यंत्रं आहेत. माणूस बाजूला उभा राहतो, यंत्र पडलं तर यंत्रच पडतं. कल्पना उत्तम, पण किंमत लाखांत. दीड एकर पडीला ती परवडत नाही. गावानं मिळून घेतलं, वणव्याच्या पट्ट्यांसाठी वापरलं, तर विचार करता येईल.

मग उरतो तो पाठीवरचा नाहीतर खांद्यावरचा ब्रश कटर. याला चाक नाही, हीच त्याची उतारावरची मोठी गोष्ट. पण त्याचेही दोन स्वभाव आहेत. नायलॉनच्या दोरीचं डोकं १९७१ साली अमेरिकेत जॉर्ज बॅलस नावाच्या माणसाला सुचलं, गाडी धुणारे फिरते ब्रश बघून. ही दोरी दगडाला लागली तर तुटते, माणसाला झटका देत नाही. पण ती गवताचा भुगा करते. तो जागेवर आच्छादन म्हणून चांगला, जनावराला निरुपयोगी. वैरण हवी असेल तर लोखंडी पातं लागतं. ते गवत लांब कापतं, पण दगडाला किंवा खोडाला पात्याचा उजवा पुढचा भाग लागला, की सगळं यंत्र माणसासकट झटका मारतं. सपाटीला माणूस एक पाऊल मागं जातो. उतारावर मागं पाऊल ठेवायला जमीनच नसते.

म्हणून आम्ही ठरवलं ते असं. पायथ्याला आणि मध्यापर्यंत ब्रश कटर, तोही दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यासह. एका हाकेत सुटणारा हूक असला पाहिजे. आडव्या रेषेनं कापत जायचं, कापलेल्या वाटेनं मोकळं परत यायचं. डोळ्याला चष्मा, पायात दातेरी बूट, आणि चारी बाजूंनी १५ मीटर माणूस नको. खाली तर अजिबात नको. हंगामाच्या आधी, गवत आखूड असताना, चरांच्या कडंला चुन्यानं रंगवलेले दगड ठेवायचे. पेट्रोल भरायचं ते इंजिन थंड झाल्यावर आणि वाळल्या गवतापासून लांब. यंत्र चालवणारा एकटा जायचा नाही.

आणि वरचा कडा? तिथं यंत्र नाही. तिथलं गवत आम्ही ज्यांच्याकडं शेरडं आहेत त्या दोन घरांना अर्धेलीनं दिलं. ते इळ्यानं कापतात, खालून वर, एका ओळीत. त्यांना वैरण मिळते, आम्हाला वणव्याची पट्टी मोकळी मिळते. जिथं त्यांनाही पाय ठरत नाही, ते गवत तसंच ठेवलंय. तिथली माती तेच धरून आहे.

थोरल्याला हे सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "एवढ्याशा गवतासाठी एवढा विचार?" त्याची आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "गवताचा न्हाय रं, माणसाचा इचार हाय त्यो."