महानुभाव पंथाचे तत्त्व, संघटन आणि सकळ लिपी

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात तलवाडा हे गाव त्वरितादेवीच्या स्थानामुळे परिचित आहे. त्याच तालुक्यात गोदावरीकाठी पांचाळेश्वर येथे महानुभावांचे आत्मतीर्थ आहे. दत्तात्रेयप्रभूंच्या वास्तव्याने ते पावन झाले अशी पंथाची श्रद्धा आहे. एक स्थान देवतेचे, तर दुसरे देवतेला मोक्ष देण्याचे सामर्थ्य नाही असे मानणाऱ्यांचे. भोवतालच्या समाजाच्या उपासनेशी मुळातच न जुळणारा हा पंथ सातशेहून अधिक वर्षे टिकला कसा, आणि त्याची किंमत त्याला कोणती द्यावी लागली, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतला आहे. गुप्त लिपीमुळे पंथ तगला, असे सामान्यतः समजले जाते. हे मत तपासून घेणे अवश्य आहे.

प्रथम तत्त्वाचा विचार करू. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ पंथ नित्य व परस्परभिन्न मानतो. देवता अनेक असून त्यांची फले मर्यादित आहेत. मोक्ष केवळ परमेश्वराच्या हाती आहे. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चांगदेव राऊळ, गोविंदप्रभू आणि चक्रधर हे त्या परमेश्वराचे पाच अवतार होत. या विचारातून कर्मकांडाची आणि सोवळ्याओवळ्याची मातब्बरी आपोआपच उरत नाही. स्त्रियांनाही संन्यासाचा अधिकार मिळाला. आद्य मराठी कवयित्री महदाइसा ही याच परिवारातील होय.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधर उत्तरेकडे निघून गेल्यावर अनुयायांचे नेतृत्व नागदेवाचार्यांकडे आले. नित्य अटन, भिक्षा, नामस्मरण व अहिंसा हे संन्याशाचे आचार ठरले. म्हाइंभटांनी प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आठवणी मिळवून लीळाचरित्र सिद्ध केले, तर केशिराजबासांनी चक्रधरांची वचने निवडून सूत्रपाठ रचला. धर्मग्रंथ संस्कृतात नव्हे, तर मराठीतच असावेत हा नागदेवाचार्यांचा आग्रह होता. संस्कृतामुळे पंथातील सामान्य स्त्रिया ज्ञानाला मुकतील, ही त्यामागील चिंता होती.

या संघटनाची कसोटी लवकरच लागली. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवर स्वारी झाली आणि पुढील वीसबावीस वर्षांत यादवांचे राज्य संपले. या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाली आणि हिराइसेसारख्यांच्या स्मरणातून तिचा पाठ पुन्हा उभा करण्यात आला, असे पंथाची परंपरा सांगते. येथे ग्रंथ वाचविला तो लिपीने नव्हे, पाठांतराने. आणि पाठांतर टिकले ते गुरुशिष्यसंबंधामुळे.

सकळ लिपी ही त्यानंतरची. तिचे कर्तृत्व रवळोबासांकडे दिले जाते. एका अक्षरासाठी ठरीव दुसरे अक्षर वा चिन्ह योजणे हे तिचे तत्त्व होय. सुंदरी इत्यादी अन्य सांकेतिक लिप्याही पंथात रूढ झाल्या. परकीय सत्तेच्या भयाने त्या निर्माण झाल्या, ही उपपत्ती अपुरी वाटते. पंथाला विरोध झाला तो प्रामुख्याने स्वधर्मीयांकडून. यादवांचा मंत्री हेमाद्री याचे वैर पंथीय परंपरेत नमूद आहे. पेशवाईतही, १७८२ मध्ये, महानुभावांना वर्णाश्रमाबाहेरचे ठरविणारा निर्णय झाला. शिवाय लिपीची किल्ली गुरूकडे असे. त्यामुळे अनधिकाऱ्यापासून शास्त्राचे रक्षण होई, तसेच गुरूचा अधिकारही दृढ होई. पंजाबात जयकृष्णी नावाने पसरलेल्या शाखेतही मराठी ग्रंथांचे अध्ययन चालू राहिले, हे याच शिस्तीचे फळ होय.

तुलनेसाठी विसाव्या शतकातील एक उदाहरण घेता येईल. सोव्हिएत अमलाखालील एस्तोनियात मेथडिस्ट चर्च अगदी लहान होते. तालिन येथील त्याचे मंदिर मार्च १९४४ च्या बाँबहल्ल्यात नष्ट झाले. प्रमुख अलेक्झांडर कूम यांना १९५२ मध्ये अटक झाली व १९५६ मध्ये ते सुटले. मंडळीने दुसऱ्या पंथाच्या मंदिरात उपासना चालू ठेवली. वास्तू नसताना सामुदायिक शिस्तीने टिकणे, हे साम्य लक्षणीय आहे. तथापि त्या मंडळीची उपासना उघड होती; महानुभावांचे शास्त्र मात्र शेजाऱ्यासही अगम्य राहिले.

या अगम्यतेचा पुरावा भाषेतच आढळतो. 'महानुभाव' या गौरवपर शब्दाचे बोलीत 'मानभाव' झाले आणि त्यापासून 'मानभावी' हे ढोंगी या अर्थाचे विशेषण रूढ झाले. 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' ही म्हण त्याच संशयाची साक्ष देते. ज्याचे ग्रंथ वाचता येत नाहीत, त्याच्याविषयी समाज स्वतःच कथा रचतो. मराठीचेही नुकसान झाले: तिचे आद्य चरित्रगद्य शतकानुशतके तिच्याच वाचकांना अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली, पुढे ह. ना. नेने यांनी लीळाचरित्राचे भाग प्रकाशित केले आणि १९७८ मध्ये वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती आली.

सारांश, पंथ टिकला तो स्मरण, अटन आणि गुरुपरंपरा यांच्या बळावर. लिपीने त्या परंपरेस कुंपण घातले. पण त्याच कुंपणाबाहेर त्याची बदनामी वाढली. ग्रंथ आज सर्वांस खुले आहेत. 'मानभावी' हा शब्द मात्र अद्याप जुन्याच अर्थाने वापरला जातो.