हिरवी ज्योत आणि गाडीतली गार हवा

उन्हाळ्यात गाडीच्या वातानुकूलन यंत्रातून गरम हवा येऊ लागली, की गॅरेजमधला मेकॅनिक बहुधा एवढेच सांगतो, ''गॅस संपलाय, भरावा लागेल.'' वास्तविक हा वायू पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत असतो. आतल्या नळ्यांत द्रवाचे बाष्प होताना तो गाडीतल्या हवेची उष्णता घेतो, कॉम्प्रेसरमध्ये दाबला जातो, आणि रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये ती उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव होतो. तो कमी झाला असेल, तर कोठून तरी निसटला आहे. निसटून गेला कोठे, हा प्रश्न मात्र गाड्यांत ही सोय आल्यानंतर सुमारे तीस वर्षे कोणी फारसा विचारला नाही.

घरचा फ्रिज एकदा भरलेल्या वायूवर वर्षानुवर्षे चालतो. त्याची मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच पोलादी डब्यात कायमचे बंद असतात. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरला हे साधत नाही. त्याचा दांडा बाहेर यावाच लागतो, आणि दांडा आला की सील आले. शिवाय इंजिन थरथरते, म्हणून काही नळ्या रबरी ठेवाव्या लागतात, आणि रबरातून वायू थोडाथोडा झिरपतोच. गळतीचे बीज असे रचनेतच आहे. (विजेवर चालणाऱ्या गाड्यांत मोटरही कॉम्प्रेसरबरोबर बंद डब्यात घालून हा दोष बराच कमी करता आला आहे.)

सुरुवातीच्या शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड असे वायू असत. पहिले दोन नाकाला झोंबत, त्यामुळे गळती लगेच कळे. पण तिन्ही विषारी. १९२८ साली अमेरिकेत जनरल मोटर्ससाठी थॉमस मिजली, आल्बर्ट हेन आणि रॉबर्ट मॅकनरी यांनी डायक्लोरोडायफ्ल्युओरोमीथेन हा पर्याय पुढे आणला. तो सुमारे उणे ३० अंश सेल्सिअसला उकळतो, जळत नाही, विषारी नाही. १९३० साली मिजलींनी रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत हा वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर घालून मेणबत्ती विझवून दाखवली. एकाच फुंकरीत दोन गुण सिद्ध! पेट्रोलमध्ये शिसे घालण्याची युक्तीही याच गृहस्थांची, हे जाता जाता सांगायला हवे.

हा सुरक्षित वायू हाती आल्यावर गाडीत गारवा आणणे शक्य झाले. १९३९ साली पॅकार्ड कंपनीने अशी गाडी दाखवली. तिची गार करणारी नळ्यांची जुडी मागच्या डिकीत होती आणि कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. गारवा नको असेल तर इंजिन थांबवायचे, बॉनेट उघडायचे आणि पट्टा काढून ठेवायचा! दोनेक वर्षांत ती सोय बंद पडली. १९५४ साली नॅश कंपनीने सारी यंत्रणा गाडीच्या पुढच्या भागात बसवली, आणि पुढे तीच पद्धत रूढ झाली.

पण या वायूला जवळजवळ वास नाही. मग गळती शोधायची कशी? मेकॅनिक एक छोटा दिवा वापरत. त्याच्या ज्योतीत तांब्याचा तुकडा असे, आणि एका रबरी नळीने सांध्यांजवळची हवा ज्योतीत ओढली जाई. वायू आला, की त्याचा रेणू फुटून क्लोरीन तांब्याशी संयोग पावे आणि ज्योत हिरवी होई. १८७२ साली बाइलश्टाइनने सुचवलेली हॅलोजनची परीक्षा ती हीच.

आम्हाला या दिव्याचे महत्त्व फार वाटते. हा 'निष्क्रिय' रेणू पुरेशी ऊर्जा मिळाली तर फुटतो आणि क्लोरीन सुटते, हे तो रोज दाखवत होता. १९७१-७२ मध्ये जेम्स लव्हलॉक यांना याच कुळातला दुसरा वायू अटलांटिकवरच्या हवेत सर्वत्र आढळला. १९७४ साली मोलिना व रोलंड यांनी पुढचा धागा जोडला : हे वायू खाली कशानेच नष्ट होत नाहीत, म्हणून ते स्थितांबरात पोहोचतात, तेथे अतिनील किरण ज्योतीचे काम करतात, आणि सुटलेला क्लोरीनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो. १९८५ साली अंटार्क्टिकावरील ओझोनची घट प्रसिद्ध झाली, १९८७ साली माँट्रियल करार झाला आणि १९९२ साली भारत त्यात सामील झाला.

गाड्यांत आर-१३४ए आला. त्यात क्लोरीन नाही, त्यामुळे ओझोनला धोका नाही. पण ज्योतही हिरवी होत नाही. जुना दिवा निकामी झाला. जुने खनिज तेलही या वायूत मिसळत नाही, म्हणून जुन्या यंत्रात नुसता नवा वायू भरला तर कॉम्प्रेसरला वंगण पोहोचत नाही. शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता अडवतो. म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीत त्याचाही वापर टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरले.

तेव्हा गरम हवा आली, की आधी निदान हवे. गाडी धावताना गार आणि सिग्नलला गरम हवा येत असेल, तर कंडेन्सरचा पंखा पाहावा. कॉम्प्रेसरच्या क्लचचा 'खट्' आवाज येत नसेल, तर फ्यूज, वायरी आणि वायूचा दाब तपासावा. दाब कमीच निघाला, तर यंत्रात चमकणारा रंग सोडून अतिनील दिव्याखाली सांधे पाहतात, गळती बंद करतात, पंपाने आतली हवा व ओल काढतात, आणि मगच ठरल्या वजनाइतका वायू भरतात.