जीपच्या सुट्या भागांचा व्यापार आणि ग्राहकसेवेची घडण

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळणाऱ्या वाहनांच्या सुट्या भागांचा जो व्यापार उभा राहिला, त्यात मोठ्या कारखान्यांइतकेच मोल मोजक्या माणसांनी चालवलेल्या छोट्या दुकानांचे आहे. या दुकानांनी ग्राहकसेवेला जो अर्थ दिला तो गोड बोलण्यापुरता नव्हता. गाडीला नेमका कोणता भाग बसेल हे विक्रीपूर्वी शोधून सांगणे आणि तो बसला नाही तर त्याची जबाबदारी घेणे, या दोन गोष्टींवर तो उभा होता.

या व्यापाराचे मूळ लष्करी जीपमध्ये आहे. १९४१ ते १९४५ या काळात टोलेडो येथील विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या, आणि लष्कराच्या आग्रहामुळे एका कंपनीच्या गाडीचे बहुतेक भाग दुसरीच्या गाडीला बसत असत. युद्ध संपल्यावर उरलेली वाहने व साहित्य विकण्यासाठी सरकारने १९४६ मध्ये वॉर अ‍ॅसेट्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ही यंत्रणा नेमली आणि जीप शेतकरी, खाणकामगार व शिकारी यांच्या हाती आली. त्याच काळात मासिकांतून अगदी थोड्या डॉलरांत जीप मिळण्याच्या जाहिराती झळकत. पैसे पाठवणाऱ्याच्या हाती मात्र सरकारी लिलावांची माहितीपत्रिका पडे. टपालाने माल मागवणाऱ्याचा विश्वास किती सहज तुटू शकतो, हे त्यातून दिसले.

जुन्या लष्करी जीपमध्ये एक अडचण होती. साध्या रस्त्यावर पुढच्या चाकांना शक्ती दिलेली नसली तरी ती चाके फिरताना पुढचा अ‍ॅक्सल, म्हणजे चाकांना गती देणारा आस, आणि त्याला जोडलेला प्रोपेलर शाफ्टही फिरवत राहत; त्यामुळे हे भाग विनाकारण झिजत आणि इंधन अधिक लागे. आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये सिएटल परिसरात, चाक अ‍ॅक्सलपासून सोडवता येईल असे लॉकिंग हब बनवण्यास सुरुवात केली. मूळ कारखान्याने न दिलेली सोय छोटा उद्योग देऊ शकतो, हे या हबने सिद्ध केले. पुढे १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातील जॉर्जटाउन गावातून रूबिकॉनच्या खडकाळ वाटेवर जीपधारकांची सामूहिक सफर निघाली, १९६७ मध्ये मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली, आणि कामाच्या गाडीला छंदाची जोड मिळून सुट्या भागांची मागणी वाढली.

दुकानदाराच्या ज्ञानाची खरी कसोटी येथेच लागली, कारण अशा गाडीत एक भाग बदलला की दुसरे अनेक भाग बदलावे लागतात. मोठे टायर बसवले की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी अधिक अंतर कापते आणि इंजिनावर ताण येतो. म्हणून अ‍ॅक्सलमधील क्राउन-पिनियन, म्हणजे शाफ्टची गती कमी करून चाकांकडे वळवणारी दातेरी चक्रांची जोडी, अशी निवडावी लागते की चाकाच्या एका फेऱ्यासाठी शाफ्टचे पूर्वीपेक्षा अधिक फेरे व्हावेत. हे प्रमाण पुढच्या व मागच्या अ‍ॅक्सलमध्ये सारखे नसेल तर कठीण जमिनीवर दोन्ही एकमेकांविरुद्ध ओढतात आणि भाग तुटतात. पाटे बदलून गाडी उंच केली तर शाफ्टचा कोन बदलतो, त्याचे सांधे लवकर झिजतात आणि ब्रेकची रबरी नळी अपुरी पडते. त्यामुळे चांगला दुकानदार भागाची किंमत सांगण्याआधी गाडीचे वर्ष, अ‍ॅक्सलवरील पट्टीचा क्रमांक, गिअरबॉक्सचा प्रकार आणि आधी केलेले बदल विचारून घेई, आणि गरज नसलेला महाग भाग घेऊ नका असेही सांगे.

ही सेवा दूरवर पोहोचण्यास दळणवळणाची आणि कायद्याची साथ मिळाली. मॉन्टगोमेरी वॉर्ड यांनी १८७२ मध्ये सुरू केलेल्या सूचिपत्रावरील विक्रीने आणि १९१३ च्या सरकारी पार्सल टपालाने दूरच्या ग्राहकाला माल पाठवण्याची पद्धत रुळवली होती. १९६७ मध्ये ज्याचे शुल्क दुकानदार भरतो अशी दूरध्वनी सेवा आली, आणि १९७५ पर्यंत यूपीएस कंपनीची पार्सलसेवा सलग ४८ राज्यांत पोहोचली. त्याच वर्षीच्या मॅग्नसन-मॉस कायद्याने, केवळ दुसऱ्याचा भाग वापरला एवढ्याच कारणावरून वाहन कंपनीने हमी नाकारू नये, असे बंधन घातले. मात्र त्या भागामुळेच बिघाड झाला असेल तर हे संरक्षण मिळत नाही, म्हणून योग्य सल्ल्याचे महत्त्व आणखी वाढले. टपालविक्रीच्या नव्या नियमानुसार, मुदत सांगितली नसेल तर ३० दिवसांत माल पाठवणे, आणि उशीर होणार असेल तर ग्राहकाला पैसे परत घेण्याची संधी देणे बंधनकारक झाले. प्रामाणिक दुकानदार जे आधीपासून करत होता, त्यातला काही भाग आता सर्वांनाच पाळावा लागला.

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्राशीही जुळतो. महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगाव येथे विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि त्याच आराखड्यावरच्या गाड्या भारतात अनेक दशके बनत राहिल्या. मुंबईत ऑपेरा हाउस परिसरातील सुट्या भागांच्या बाजारात, तसेच वडाप म्हणून प्रवासी वाहणाऱ्या जीपगाड्यांवर अवलंबून असलेल्या तालुक्यांत, कोणत्या वर्षीच्या गाडीला काय बसते हे ओळखणारा विक्रेता म्हणूनच मोलाचा ठरला.

कायदा मुदत ठरवू शकतो आणि पैसे परत मिळवून देऊ शकतो. परंतु चुकीचा भाग विकण्यापूर्वी थांबून चार प्रश्न विचारण्याची सवय कोणताही कायदा लावू शकत नाही. छोट्या दुकानांनी ही सवय आपणहून जोपासली, आणि या व्यापाराला त्यांनी दिलेले सर्वांत टिकाऊ योगदान तेच आहे.